लागती कवा, सुटती कवा

आधीच सांगते, मी हे शांतपणी सांगणार न्हाई. शांतपणी ऐकायचं आसंल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मी सविता गव्हाणे, शिरूर डेपोची कंडक्टर. बारा वर्सं झाली गाडीवर. पुण्याच्या आन् दौंडच्या गाडीला ज्येंनी ज्येंनी माझं तोंड ऐकलंय, त्येंना मी काय चीज हाय ते ठावं हाय. पण आज तोंड सोडायचंय ते भिमाजी मामांसाठी.

भिमाजी रासकर. आमच्या स्टँडवर एकतीस वर्सं कंट्रोलर व्हते. आख्खं गाव त्येंना मामाच म्हणायचं. मी नवी लागले तवा पहिल्याच दिवशी तिकिटाच्या मशीनीत गुतले आन् गाडी दोन मिनटं उशिरा काढली. मामा खिडकीखाली येऊन म्हणले, "पोरी, गाडी उशिरा आली तर रस्त्याचा दोष. उशिरा सुटली तर आपला." बास, एवढंच. मला आईनं कानफटात मारावी तसं लागलं ते. त्या दिवसापासनं मी घड्याळ दहा मिनटं पुढं लावायचं सोडून दिलं आन् बरोबर लावायला शिकले.

मामांच्या तोंडात दोन शब्द कधी आले न्हाईत. एक 'बहुतेक' आन् दुसरा 'येईलच'. प्रवाशानं विचारलं, गाडी कवा हाय, की ठाऊक आसलं तर मिनटासकट सांगायचे. ठाऊक नसलं तर सरळ 'माहीत न्हाई' म्हणायचे आन् फोन लावून मग सांगायचे. एकतीस वर्सांत त्येंच्या तोंडून चुकीची वेळ गेली न्हाई. हे मी कौतुकानं म्हणत न्हाई, स्टँडवरच्या हमालाला विचारा, पेपरवाल्याला विचारा. मामा स्वतः सुद्धा दुसऱ्या कशाचा अभिमान धरत नव्हते. घर साधं, कापडं साधी, बोलणं तर निम्मंच. पण "माझ्या तोंडून चुकीची वेळ गेली न्हाई" हे वाक्य मात्र ताठ मानंनं म्हणायचे.

रिटायर झाल्यावर मानूस काय करतो? शेतावर जातो, पारावर बसतो, सुनंच्या चुका काढतो. मामा शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासात जाऊन पोराठोरांच्या रांगंत बसले. एका बोटानं टाइप करायला शिकले आन् सहा महिन्यांत साइट काढली. नाव ठेवलं 'घोडनदी एसटी'. म्हणले, जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणत्यात, त्येंनी कुठं जायचं? क्लासच्या मास्तरांनी सांगितलं की साइट सांभाळणाऱ्याला वेबमास्टर म्हणत्यात. मामा हरकून गेले. पोस्टमास्तर झाले, स्टेशनमास्तर झाले, आता ह्यो वेबमास्तर! आम्ही चिडवायचो, "काय वेबमास्तर, आज कुठली गाडी पकडली?" ते हसायचे.

साइट म्हंजी काय, पांढऱ्या पानावर काळी अक्षरं. फोटो न्हाई, जाहिरात न्हाई, तळाला नुसतं मामांचं नाव आन् हुद्दा. शिरूर, दौंड, यवत, न्हावरे, इनामगाव, सगळ्या गाड्या. आन् प्रत्येक गाडीपुढं दोन रकाने: 'लागते' आन् 'सुटते'. गाडी निघायच्या गावातनं सुटते कवा आन् पोचायच्या गावाला फलाटावर लागते कवा. आमच्यात ह्या दोन शब्दांवर सगळं चालतं. दर महिन्याच्या एक तारखेला मामा स्वतः फिरायचे. दौंडला जाऊन उभं राहायचे, यवतला हायवेवर धूळ खात उभं राहायचे, मनगटावरच्या घड्याळात बघून लिहून घ्यायचे. कागदावरची वेळ आन् खरी वेळ ह्यात फरक आसला तर खरी वेळ टाकायचे. लोकं डोळं झाकून बघायची. मोबाईलमधी 'शिरूर एसटी वेळ' टाकलं की पहिलं नाव मामांचंच यायचं. सात वर्सं पहिलंच.

आन् मग गेल्या मार्चात एका मंगळवारी सगळं बोंबललं.

मामांना रोज सकाळी किती माणसं साइटवर आली ते बघायची सवय. रोज नऊशे-साडेनऊशे आसायची. त्या दिवशी साठ. त्येंना वाटलं नेट गेलं. दुसऱ्या दिवशी पन्नास. मग त्येंनी स्वतःच सर्चमधी टाकून बघितलं, 'शिरूर दौंड एसटी'. वर काय आलं? दुसऱ्या जिल्ह्यातलं शिरूर! महाराष्ट्रात शिरूर काय एकच हाय व्हय? त्याच्या खाली हॉटेलं, त्याच्या खाली कुणीतरी गाडीत बसून काढलेले व्हिडिओ. मामांची साइट चौथ्या पानावर. चौथ्या पानावर कोण जातं हो? दुसऱ्या पानावर सुद्धा मानूस वाट चुकूनच जातो.

यवतला सत्यजीत म्हणून पोरगा हाय, ऊसरोपांची साइट चालवतो. मामांनी त्याला फोन लावला. तो म्हणला, "मामा, मी बी आपटलो. त्याच दिवशी." त्याच्या वळखीचे आणखी आठ-दहा जण, कुणाची कांद्याच्या भावाची साइट, कुणाची लग्नाच्या कार्यालयांची, सगळ्यांचं एकाच मंगळवारी वाजलेलं. ग्रुप काढला. रोज चर्चा. एक म्हणला, साइटवर फोटो न्हाईत म्हणून. ज्याच्या साइटवर शंभर फोटो तो म्हणला, मग माझी का गेली? दुसरा म्हणला, नवीन नियम आलाय. कुठला नियम? ते कुणाला ठाऊक न्हाई. मामांनी फोटो टाकले, साइट दोन पानं वर आली. सगळ्यांनी फोटो टाकले, सगळे खाली गेले. पुढच्या आठवड्यात मामा पण खाली. का वर, का खाली, कुणी सांगंना. विचारायचं कुणाला, ते बी कळंना.

माझं डोकं तिथंच फिरलं. आहो, आमची एक गाडी रद्द झाली तर फळ्यावर लिहावं लागतं. कारण सांगावं लागतं. न्हाई सांगितलं तर लोकं खिडकीत हात घालून गच्ची धरत्यात, आन् बरोबर करत्यात. हितं सात वर्सांचं काम कुणीतरी उचलून अडगळीत टाकलं आन् टाकणाऱ्याला ना तोंड, ना खिडकी. भांडायचं कुणाशी? माझ्यासारखीला भांडायला मानूस लागतो.

मामांच्या जागी वर कोण बसलं, ते ऐका. एक रंगीत साइट. नाव घेत न्हाई, तेवढीच फुकट जाहिरात. ती उघडली तर मामांचंच सगळं उचललेलं! मशीनीनं कालवून, रंग लावून, पण सगळं मामांचं. आन् कहर म्हंजी खाली लिहिलेलं: 'माहिती – भिमाजी मामा, निवृत्त वाहतूक नियंत्रक, शिरूर'. चोरी करून वर ज्येचं चोरलं त्येचीच सही!

बरं, चोरलं तर नीट चोरावं. मशीनीला 'लागते' कळलं न्हाई. तिला वाटलं, गाडी लागते म्हंजी वकाऱ्या येतात. म्हणून इनामगावच्या गाडीखाली लिहिलं, 'या मार्गावर प्रवाशांना गाडी लागते. सोबत लिंबू व आवळासुपारी ठेवावी.' मी हे स्टँडवर मोठ्यानं वाचून दाखवलं. डायवर, मेकॅनिक, चहावाला, सगळे पोट धरून हसले. पंधरा दिवस ज्येला त्येला 'लिंबू घेतलं का' म्हणून विचारायचं चाललं व्हतं.

मामा हसले न्हाईत. ते आकडे बघत व्हते. मला जवळ बोलावून म्हणले, "सविता, ह्यानं सुटायची वेळ काढून टाकलीय. लागायची वेळ सुटायच्या जागी बसवलीय." बघितलं तर खरंच. इनामगावची मुक्कामी गाडी गावातनं सुटती पाच चाळीसला आन् शिरूरला लागती सहा पंचवीसला. रंगीत साइटवर: 'इनामगावहून पहिली बस – ६:२५'. सगळ्या गाड्यांचं तसंच. मामांनी त्या साइटला पत्रावर पत्रं पाठवली. उत्तर न्हाई. "माझं नाव तरी काढा," एवढंच मागत व्हते. मी म्हणलं, "जाऊ द्या मामा, लोकं काय येडी हायत का?" हे मी म्हणलं. मीच. अजून जिभेला चटका बसतो.

जून महिना. रविवार. माझी ड्यूटी सव्वासातच्या शिरूर–पुणे गाडीवर. गाडी सुटायच्या टायमाला एक पोरगी पळत आली, दुधाच्या टेम्पोतनं उतरून. हातात फाइल. गाडीत जागा व्हती, पण ती बसंना, दाराजवळ दांड्याला धरून उभी. दर पाच मिनटाला, "ताई, वाघोलीला कवा पोचंल?" मी चिडले, "गाडी पोचंल तवा!" मग तिचं तोंड बघितलं आन् विचारलं, काय झालं. करिश्मा नाव. इनामगावच्या नदीकडच्या वस्तीवरची. नर्सच्या सरकारी भरतीची लेखी परीक्षा, सेंटर वाघोलीला, गेट साडेआठला बंद. वयात बसायचं हे शेवटचं वर्स.

मी म्हणलं, "आगं मग मुक्कामी गाडीनं का न्हाई आलीस? आरामात आली आसतीस." तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. मुक्कामी गाडी दोन वर्सं बंद व्हती, नुकतीच चालू झालेली, वस्तीवर कुणाला वेळ ठाऊक नव्हती. तिनं सर्च केलं. वर आलं, सहा पंचवीस. खाली नाव, भिमाजी मामा. तिचा आजा तात्याबा म्हणला, "मामाचं नाव हाय न्हवं? मग झालं. त्यो मानूस चुकायचा न्हाई." दोघं सव्वासहाला थांब्यावर आली. शाळेचा शिपाई झाडत व्हता. म्हणला, गाडी जाऊन अर्धा तास झाला.

लिंबाच्या त्या ओळीच्या वरतीच ते सहा पंचवीस व्हतं. ज्येला आम्ही पंधरा दिवस हसलो तेच पान.

डायवरला सांगितलं, जमंल तेवढी दामट. त्यानं दामटली, पण वाघोलीच्या अलीकडची गर्दी काय आपल्या बापाची हाय? पोरगी उतरली तवा आठ एकेचाळीस झाले व्हते. पळत गेली. संध्याकाळी परतीच्या फेरीला ती वाघोलीच्या थांब्यावर बसलेली दिसली. गाडीत चढली, शिरूरचं तिकीट मागितलं. फाइल तशीच हातात.

दुसऱ्या दिवशी तात्याबा मामांच्या दारात. मी मुद्दाम गेले व्हते, काही वाकडं झालं तर मधी पडायला. मला वाटलं म्हातारा हात उचलंल. त्यानं शिवी सुद्धा दिली न्हाई. म्हणला, "भिमाजी, मोबाईलवर कोण इश्वास ठेवतो? मी तुझ्या नावावर ठेवला."

मामांनी त्येला कॉम्प्युटरपुढं बसवलं. एक पान दाखवलं, दुसरं दाखवलं. हे माझं, ते चोराचं. हितं बघा, पाच चाळीस लिहिलंय. तात्याबा दोन्ही पानं बघून म्हणला, "दोन्हीवर तुझंच नाव हाय न्हवं?" आन् उठून गेला. मामा त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहिले ते उभंच. मामींनी चहा आणला, तो तसाच गार झाला.

पण पोरगी वाघीण निघाली. चार दिवसांनी स्वतः आली. म्हणली, "मामा, माझं गेलं ते गेलं. पण त्या पानावरनं तुमचं नाव काढायचं." तिनं इंग्रजीत तक्रार लिहिली, थेट सर्च कंपनीला. मामांची सात वर्सांची पानं, तारखा, चोरलेल्या ओळी, सगळं लावून दिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. मानसाचं न्हवं, मशीनीचं. करिश्मानं वाचून अर्थ सांगितला: तुमचं पान दुसऱ्या पानाची नक्कल असल्याचं आढळलं आहे. मूळ पानालाच पुढं ठेवलं जातं. कृपया स्वतःचा मजकूर लिहा.

स्वतःचा मजकूर लिहा! ज्येनं उन्हातान्हात यवतच्या हायवेवर उभं राहून एकेक मिनट टिपलं, त्येला! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या व्हत्या, पण हितं तर न्यायाधीशच चोराच्या मांडीवर बसलेला. आन् खाली काय, 'आमची सेवा कशी वाटली, तारे द्या.' मी म्हणलं, "दे गं, पायातली काढून दे!" करिश्मा रडायच्या घाईला आली व्हती, तरी तिला हसू आलं.

सत्यजीतनं यवतवरनं उपाय सांगितला. शब्द बदला मामा, म्हंजी मशीनीला नक्कल वाटणार न्हाई. 'लागते' काढा, 'आगमन' लिहा. 'सुटते' काढा, 'प्रस्थान' लिहा. मामा पहिल्यांदाच भडकलेले बघितले मी. म्हणले, "आगमन गणपतीचं आसतं! गाडी लागती आन् सुटती. माझ्या घरात चोर शिरला म्हणून मी माझी भाषा सोडू?" फोन ठेवला.

त्यानंतर मामांनी काय करावं? रोज पहाटं पाचला स्टँडवर. गळ्यात काही पट्टा न्हाई, हातात शिट्टी न्हाई, रिटायर मानूस. प्रत्येकाला विचारायचे, कुठं जायचं? मोबाईल बघून आलात का? ती वेळ चुकीची हाय. काही जुनी लोकं ऐकायची. नवी लोकं तोंडाकडं बघायची, हा म्हातारा कोण? एकीनं तर पर्स छातीशी धरली. मी माझ्या गाडीच्या दारातनं बघायचे आन् मला त्या सगळ्यांच्या कानाखाली आवाज काढावा वाटायचा.

आन् मग गेल्या सोमवारचं. माझी ड्यूटी शिरूर–दौंड, सात दहाची. गाडी फलाटावर लागलेली. बाकावर एक तिशीचा पोरगा, शर्ट इन केलेला, कानात ते वायरीचं न्हाई का, ते. शेजारी त्याची आई, काळा चष्मा लावून, हातात दवाखान्याची पिशवी. मामांनी विचारलं, "कुठं जायचं?"

"दौंडला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय. अकराला बोलावलंय."

"मग ही काय गाडी लागली. चढा. सात दहाला सुटती."

पोरगा मोबाईलमधनं डोकं वर न काढता म्हणला, "आठ चाळीसची हाय काका."

"आठ चाळीसला ती दौंडला लागती. हितनं सात दहाला सुटती. ह्याच्या पुढची गाडी थेट नऊ पन्नासला हाय. ऑपरेशन चुकंल."

त्यानं मोबाईल मामांच्या तोंडापुढं धरला. "काका, तुम्हाला काय माहीत? हितं भिमाजी मामांनी लिहिलंय. ते डेपोतले हायत."

मी दारात उभी.

मामा म्हणले, "मीच भिमाजी."

पोरगा हसला. मग त्येंच्याकडं नीट बघितलं, पेपरवाल्याकडं बघितलं. पेपरवाल्यानं मान हलवली, व्हय, हेच. पोरगा म्हणला, "मग तुम्हीच लिहिलंय की, आठ चाळीस! आता उलटं कशाला सांगता? खरं कुठलं, लिहिलेलं का बोललेलं?"

स्टँडवरच्या घड्याळात सात नऊ. डायवरनं गाडी चालू केली. मी पायरीवरनं उतरायला लागले, त्या दीडशहाण्याच्या कानातली वायर उपटून त्येला सगळी कथा सांगायला, चोरीची, लिंबाची, वाघोलीच्या गेटाची. मामांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. थांब. त्या म्हातारीकडं बघत व्हते ते. तिला काही दिसत नव्हतं, ती नुसती आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवत व्हती, ह्याच्याकडं, मग त्याच्याकडं.

मामा म्हणले, "चुकलं माझं. मीच चुकीचं लिहिलंय. सात दहा हाय. आईला घेऊन चढ, बाबा."

"मग आधी नीट लिहायचं ना, काका," पोरगा म्हणला. "लोकांची कामं आसतात." आन् आईचा हात धरून चढला.

पेपरवाला खाली बघायला लागला. मी तोंड उघडलं, पण मामांनी घड्याळाकडं बोट केलं. सात दहा झाले व्हते. मी दोन घंट्या दिल्या आन् पहिलं तिकीट त्या पोराचंच फाडलं.